मागच्या भिंतीवरचं घनफळ

लातूर जिल्हा झाला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. मी उस्मानाबाद जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून झोपले आणि लातूर जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून उठले. शाळा तीच, वरचे पत्रे तेच, पोरंही तीच. फरक एवढाच पडला की माझा बदलीचा अर्ज दोन जिल्ह्यांच्या मध्ये कुठंतरी अडकून बसला. नवरा नांदेडला पाटबंधारे खात्यात आणि मी रेणापूरच्या बाजूच्या एका खेड्यात. नवरा-बायको एका जिल्ह्यात असावेत असा नियम होता आणि त्या नियमावर बोट ठेवून मी अर्ज केला होता. उस्मानाबादला विचारलं की म्हणायचे, तुमची फाइल लातूरला गेली. लातूरला विचारलं की म्हणायचे, आमची अजून कपाटंच आली नाहीत, फाइल कुठं ठेवणार? दोघंही खरं बोलत असावेत. मी मात्र राहिले तिथंच.

त्यात दुष्काळ. गावाची विहीर आटली, टँकर सुरू झाला, आणि आमच्या हेडमास्तरांनी हुकूम काढला की फळा ओल्या फडक्यानं पुसायचा नाही. फळ्यावर पाणी घालवणारा शिक्षक त्यांच्या लेखी समाजकंटक होता. कोरड्या फडक्यानं पुसपुसून फळा इतका पांढरा झाला की त्यावर पांढऱ्या खडूनं लिहिलेलं फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असायचं. मी तक्रार केली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, गणित तोंडी शिकवा." भूमिती तोंडी कशी शिकवायची हे त्यांनी सांगितलं नाही, कारण ते इतिहास शिकवायचे.

तोंडी शिकवायला लागले आणि मला नवाच शोध लागला. माझ्या सातवीच्या वर्गाला गणित येत होतं, गणिताची भाषा येत नव्हती. 'वर्तुळाची त्रिज्या दिली आहे, परीघ काढा' म्हटलं की सगळा वर्ग माझ्याकडे असा बघायचा, जणू मी कोणाच्या तरी मयताची बातमी दिली आहे. तेच 'गाडीच्या चाकाचा आरा एवढा लांब आहे, तर वरची लोखंडी धाव केवढी लागेल' असं विचारलं की अर्ध्या वर्गाचे हात वर. एक मुलगी तर उभी राहून मला म्हणाली, "बाई, आऱ्यालाच त्रिज्या म्हनत्यात तर मंग आराच म्हना की. उगं कशाला दुसरं नाव ठिवलं?"

ही मुलगी गावातल्या बांगडीवाल्याची. वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारी आणि मला सगळ्यांत जास्त चिडवणारी. पुस्तकात आणि परीक्षेत 'आरा' येत नाही, 'त्रिज्या' येते, एवढंच मी सांगू शकले. ती म्हणाली, "मंग ती तिरज्या कुटं तरी दिसू तर द्या."

म्हणून मी भिंतीच्या मागं लागले. फळा गेला असला तरी भिंती होत्या. त्या वर्षी बऱ्याच घरचे बैल विकले गेले होते आणि गाड्या नुसत्या उभ्या होत्या. एकाकडून मी चाक मागून आणलं. पोरांनी ते गडगडत शाळेत आणलं, डाव्या भिंतीला टेकवलं, खाली दगड लावले आणि वरून तारेनं बांधलं. आऱ्यावर 'त्रिज्या', लोखंडी धावेवर 'परीघ', एका टोकापासून मधल्या तुंब्यातून पलीकडच्या टोकापर्यंत सुतळी ताणून तिच्यावर 'व्यास'. दाराच्या चौकटीला गवंड्याकडचा जुना ओळंबा टांगला आणि त्याच्या दोरीला 'लंब' अशी चिठ्ठी लावली. दारातून आत येणारा प्रत्येक जण त्याला डोकं आपटायचा, त्यामुळं लंब कोणी विसरलं नाही. उजवीकडं खिडकीखाली पुठ्ठ्यावर शंभर चिंचोके चिकटवून त्यातले काही खरवडून पांढरे केले, ती शेकडेवारी. मागच्या भिंतीवर, पोरांच्या पाठीमागं, तेलाचा चौकोनी डबा फळीवर ठेवून त्याच्या कडांवर लांबी, रुंदी, उंची आणि पोटावर मोठ्या अक्षरांत 'घनफळ' रंगवलं. डबा गळका होता. गळका नसता तर त्या वर्षी मला तो कोणी दिलाच नसता.

पाट्यांसाठी कागद नवऱ्यानं पुरवला. त्याच्या ऑफिसात न झालेल्या कालव्यांचे नकाशे ढिगानं पडले होते. एका बाजूला कालवा, दुसरी बाजू कोरी. महिन्याकाठी तो नांदेडहून एसटीनं यायचा तेव्हा बायकोसाठी साडी किंवा मिठाई आणावी तशी कालव्यांची गुंडाळी घेऊन यायचा. वर्गातल्या भिंती बघून म्हणाला, "चला, आमच्या खात्याचा कालवा एकदाचा शेवटच्या गावापर्यंत पोचला." मला हसू आलं नाही. मला बदली पाहिजे होती.

वर्तुळाचा कंस दाखवायला मला फुटक्या बांगडीचा तुकडा हवा होता. मी त्या मुलीला म्हटलं, तुझ्या अब्बांकडे फुटलेल्या असतीलच. दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतःच आले, खांद्यावर बांगड्यांच्या माळा तशाच.

"बाई, फुटकं काकन भिंतीला लावायचं न्हाई."

"फक्त कंस दाखवायचाय हो."

"कंस असू द्या न्हाई तर काई असू द्या. गावातल्या बाया शाळेवरनं पान्याला जात्यात. बांगडीवाल्याची फुटकी बांगडी शाळेत टांगलेली दिसली तर माज्याकडं हात कोन पुढं करंल?"

त्यांनी एक चांगली हिरवी बांगडी दिली आणि जेवढा भाग कंस म्हणून दाखवायचा तेवढ्याला लाल दोरा गुंडाळायला सांगितला. मी तसं केलं. कंस चांगला दिसला आणि गावातल्या सौभाग्याला धक्का लागला नाही.

जाताजाता त्यांनी मुलीचा विषय काढला. आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला रेणापूरला जावं लागे आणि मुलींना तिकडे धाडायची गावात पद्धत नव्हती. ते म्हणाले, "बाई, मी आडमुठा न्हाई. वजीफा भेटला तर आठवीला घालतो. न्हाई भेटला तर उदगीरला तिच्या फुफीकडं धाडतो, लाखेच्या बांगड्या वळायला. बोली म्हंजी बोली." वजीफा म्हणजे सातवीची शिष्यवृत्ती, फुफी म्हणजे आत्या. ही बोली त्यांनी मुलीसमोरच केली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग मी तिला आणि तिच्याबरोबर परीक्षेला बसणाऱ्या चौघापाचांना कामाला जुंपलं. शाळा सुटल्यावर थांबवायचं, टँकर आला की पाण्याला सोडायचं, पाणी भरून आले की पुन्हा बसवायचं. शब्द पक्के करण्याची आमची एक पद्धत पडून गेली. मी शब्द उच्चारायचा आणि त्यांनी भिंतीवरच्या त्या वस्तूकडे बघून गणित मांडायचं. परीघ म्हटलं की माना डावीकडे. शेकडेवारी म्हटलं की उजवीकडे खाली. लंब म्हटलं की दाराकडे. घनफळ म्हटलं की सगळे अख्खे मागं वळायचे, बसल्या बसल्या, कमरेपासून. बघता बघता बघायची गरजही उरली नाही. डोळे मिटायला लावून विचारलं तरी माना आपोआप जागच्या जागी जायच्या आणि उत्तर बरोबर यायचं. मला फार कौतुक वाटलं. हेडमास्तरांना बोलावून मी हा प्रकार दाखवला. ते म्हणाले, "कवायतीसाठी पण बसवा काहीतरी."

परीक्षेचं केंद्र रेणापूरच्या पलीकडच्या एका शाळेत होतं. मुलीला तिचे अब्बा सायकलवर बसवून घेऊन आले आणि तिथं बाजाराचा दिवस असल्यामुळं शाळेच्या फाटकासमोरच कापड अंथरून बांगड्या मांडून बसले. मी इतर पोरांना घेऊन एसटीनं गेले. पोरं आत गेली आणि मी लिंबाखाली बसले. आत जायला आम्हाला बंदी होती. गणिताचा पेपर होता आणि मी निर्धास्त होते. इतकी निर्धास्त मी नोकरीत कधीच नव्हते.

पेपर निम्म्यावर आला असेल. शिपाई आला आणि म्हणाला, "तुमच्या शाळेची पोरगी धरली. कॉपी." मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. तो म्हणाला, "बांगड्यावाल्याची. लई बोलून राहिली आत." मग माझीच, यात शंका उरली नाही.

केंद्रसंचालकांच्या खोलीत ती उभी होती. तिचा पेपर टेबलावर, आणि टेबलाच्या बाजूला तिला पकडणारे पर्यवेक्षक, एक किडकिडीत गुरुजी, आपल्या कामावर खूश. त्यांचं म्हणणं असं की ही मुलगी सुरुवातीपासून डावी-उजवीकडे बघत होती, ते त्यांनी सहन केलं. पण मग टाकीच्या घनफळाचं गणित आलं आणि ती सरळ मागं वळून मागच्या मुलाकडे बघत बसली. आणि ती एकटीच नाही. "या बाईंच्या शाळेची सगळीच पोरं एका दमात मागं वळली. टोळी आहे साहेब. पण ही जास्त वेळ बघत होती."

"मी त्याच्याकडं बघतच नव्हते," मुलगी म्हणाली. "मी डब्याकडं बघत होते."

"तिथं डबा आहे का?"

"न्हाई. आमच्या शाळेत हाय."

गुरुजींनी केंद्रसंचालकांकडे असं पाहिलं की बघा, आता आणखी काय पुरावा पाहिजे. मी सगळं समजावून सांगायला लागले. चाक, चिंचोके, ओळंबा. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. दुष्काळात, गळक्या डब्यावर, न झालेल्या कालव्याच्या पाठकोऱ्या कागदावर गणित शिकवलं, असं कोणी मला सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. तेवढ्यात अब्बा दारात येऊन उभे राहिले. त्यांना शिपायानंच सांगितलं असणार. एका हातात गिऱ्हाइकाच्या मापाच्या बांगड्या तशाच होत्या.

मी म्हटलं, "साहेब, तिला भिंतीकडे तोंड करून उभी करा. मी बोलत नाही. तुम्ही शब्द विचारा."

केंद्रसंचालक वयस्कर होते आणि सकाळपासून कंटाळलेले असावेत. त्यांनी मुलीला उभं केलं आणि म्हणाले, "परीघ." मुलीची मान डावीकडे गेली. तिकडे भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, अजून उस्मानाबादचाच. "शेकडेवारी." मान उजवीकडे खाली, तिथं पाण्याचा रिकामा माठ. "घनफळ." ती कमरेतून मागं वळली आणि बरोबर मागं उभ्या असलेल्या गुरुजींच्या तोंडासमोर तिचं तोंड आलं. गुरुजी दचकून मागं सरकले. साहेबांनी उलटसुलट करून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग त्यांना गंमत वाटायला लागली. त्यांनी 'लंब' विचारला, मुलीनं दाराकडे पाहिलं. दारात अब्बा उभे होते. अब्बा एकदम अंग चोरून बाजूला झाले.

"शिकवून आणलंय," गुरुजी म्हणाले.

"हो, त्याचाच पगार घेते मी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "साहेब, पेपरची वेळ चाललीय."

पण साहेब न्यायी माणूस होते. त्यांना पक्की खात्री हवी होती. त्यांनी आमच्या आणखी एका पोराला आतून बोलवून घेतलं, त्याला काहीही न सांगता उभं केलं आणि तेच शब्द विचारले. तेच. डावीकडे, उजवीकडे, दाराकडे, मागं. साहेब मोठ्यानं हसले. गुरुजी हसले नाहीत. मग साहेबांनी मुलीचा पेपर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "जा, लिही. आणि मान सरळ ठेव." वाढीव वेळ द्याल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तसा नियम नाही. न्याय करायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा त्यांनी तिच्या पेपरातूनच घेतला होता.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, "बाई, मान सरळ ठिवली तर मला कायबी आठवंना. शेवटचं पान तसंच राहिलं." मला त्या गुरुजींचा इतका राग आला होता की परतीच्या एसटीत मी कंडक्टरशी भांडले. त्याचा काही दोष नव्हता.

निकाल उन्हाळ्यात आला. वजीफा तिला मिळाला नाही. आमच्या शाळेतल्या कोणाचाच नंबर लागला नाही.

मी दोन दिवस मनात तयारी केली आणि बांगडीवाल्याच्या घरी गेले. काय काय बोलायचं ते ठरवून गेले होते. मुलगी हुशार आहे, चूक तिची नाही, बोली परीक्षेची होती आणि परीक्षा तिला पुरती देऊच दिली नाही. गरज पडली तर मी तिला माझ्याकडे ठेवून घेईन असंही म्हणणार होते. अब्बा ओट्यावर माळा ओवत बसले होते. मुलगी आत होती, पण भिंतीला कान लावून असणार. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बाई, वजीफा न्हाई भेटला."

"हो. पण ऐका..."

"तुमीच आयका. बोली बोली हाय. उदगीरला सांगावाबी धाडला हुता मी."

मी ओट्याच्या कडेला बसले.

"पर आता कशी धाडू तिला?" ते म्हणाले. "माजा धंदा कसा हाय, बाई, तुमाला ठावं न्हाई. बाईचा हात धरून बसावं लागतंय. काकनं चढत न्हाईत तवर उठता येत न्हाई, आन् ती बाई बोलल ते आयकावं लागतंय. ज्या गावात जावं तितं हात पुढं करत्यात आन् पैलं हेच विचारत्यात, तुजी पोरगी धरली म्हने परीक्षेत? साहेबानं सोडली, हे कोनीच म्हनत न्हाई. धरली, एवढंच. आता हिला घरी बसवली तर समदे म्हनतील, बगा, खरंच केली हुती कॉपी, म्हनून बापानं साळा बंद केली."

त्यांनी ओवलेल्या माळेला गाठ मारली.

"नुसती नापास झाली असती तर बसवली असती," ते म्हणाले. "त्यात लाज न्हाई. पर चोर म्हनून कशी बसवू? हिला आठवी करू द्या. नववीबी करू द्या. लोकं इसरत न्हाईत तवर शिकू द्या."

मी सगळी तयारी करून गेले होते आणि त्यातला एक शब्दही बोलावा लागला नाही. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मला तिथंच रडू फुटलं. अब्बा घाबरले आणि त्यांनी मला पाणी दिलं, टँकरचं, तांब्याभर. त्या वर्षी तांब्याभर पाणी कोणी सहज देत नव्हतं. घरी येताना मी त्या किडकिडीत गुरुजींना मनातल्या मनात शिव्या द्यायला लागले आणि मला त्या पुऱ्या करता येईनात. तिकडच्या लोकांची स्मरणशक्ती फार चांगली आहे, याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला. निदान दहावीपर्यंत तरी कोणी विसरणार नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा अब्बा तिला घेऊन रेणापूरला गेले. मलाही बरोबर यायला सांगितलं. कारकून खिडकीत बसला होता आणि खिडकीसमोर आईबापांची रांग. आमचा नंबर आला. कारकुनानं मुलीचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, जन्मतारीख विचारली, धंदा विचारला. अब्बांनी सगळं सांगितलं. आणखी काही, असं कारकून सवयीनं म्हणाला. अब्बा खिडकीजवळ वाकले, पण बोलले इतक्या मोठ्यानं की मागची सगळी रांग ऐकत राहिली.

"हिनं कॉपी केली न्हाई."

कारकून गोंधळला. अर्जावर वरखाली बघून म्हणाला, "ह्याला रकाना नाही."

"लिहू नका," अब्बा म्हणाले. "आयकून ठिवा."

कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि मान डोलावली.